आधी पाइप, मग पंप: प्रेशर पंप आठ महिने वापरल्यावर

आमचं साताऱ्याचं घर 1976 चं, सासऱ्यांनी बांधलेलं. खाली-वर धरून पाच खोल्या आणि गच्चीत स्लॅबवर टेकलेली हजार लिटरची टाकी. वरच्या बाथरूमचा शॉवर म्हणजे नुसती ठिबक. मागच्या ऑक्टोबरात वैतागून 120 वॉटचा छोटा प्रेशर पंप आणला, साडेसहा हजारांचा. सासरे म्हणाले, "पाणी येतंय ना, मग झालं की." मी ऐकलं नाही.

पंप बसला, शॉवर दोन मिनिटं जोरात चालला आणि मग उचक्या देऊ लागला. पंप घरघरतोय, पाणी मात्र करंगळीएवढं. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, बदलून द्या म्हणून भांडून आले. चूक माझी होती.

प्लंबरकाकांनी विचारलं, "खालच्या नळाला बादली किती वेळात भरते?" मोजली. पंधरा लिटरला तीन मिनिटं! आता वरच्या शॉवरचं दुखणं समजण्यासारखं आहे. टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम चार फूट. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे आम्हाला त्याचा आठवा हिस्सा. पण खालच्या नळाला पंधरा फूट उंची मिळते, तो का रडतो? काकांनी जुना लोखंडी पाइप कापून दाखवला. अर्ध्या इंचाच्या पाइपात गंज इतका धरलेला की पेन्सिल जेमतेम गेली असती. दाब होता, वाटच नव्हती. पंप तरी कुठून ओढणार?

मग टाकीपासून खाली सव्वा इंची आणि पुढे पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारी प्लास्टिकची पाइपलाइन टाकली. टाकीच्या तोंडाशी हवा जायला एक उभा पाइप ठेवला, जुना अडकलेला कॉक काढून बॉल व्हॉल्व्ह लावला. भिंती फोडायला नको म्हणून लाइन बाहेरून घेतली. दिसायला बरी नाही, पण गळली तर कळेल. मजुरीसकट चौदा हजार. खालची बादली आता पंचावन्न सेकंदांत भरते, तीही पंपाशिवाय. हे आधी केलं असतं तर पंप फक्त वरच्या बाथरूमसाठी लागतो, हे तेव्हाच कळलं असतं.

तिथे मात्र पंपाला पर्याय नाही. शॉवर अंगाला लागतो, आवाज मिक्सरपेक्षा कमी, आणि वीज दिवसाला पाऊण तास धरली तरी महिन्याला तीन युनिटांच्या आत. लाइट गेली की पंपाला वळसा घालणाऱ्या शेजारच्या पाइपातून, म्हणजे बायपासमधून, पाणी आपलं येतं, तेवढी सोय काकांनी न सांगता केली. दर दोन महिन्यांनी पंपाआधीची जाळी काढून धुवावी लागते. नळ अगदी बारीक सोडला तर फ्लो स्विचला (पाणी वाहू लागलं की पंप चालू करणारं बटण) कळत नाही, पंप सुरूच होत नाही.

खरा त्रास सोलरचा, म्हणजे उन्हावर पाणी तापवणाऱ्या हीटरचा. पंप फक्त गार पाण्याच्या लाइनवर आहे, कारण त्याच्यावर 60 अंशांपर्यंतच असं लिहिलंय आणि आमच्या सोलरचं पाणी उन्हाळ्यात त्याच्याही वर जातं. पहिल्याच आठवड्यात अंघोळ चालू असताना गच्चीतल्या सोलरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या पाइपातून, पाणी सांडताना दिसलं. गार पाणी जोरात, गरम हळू. शॉवरच्या गरम-गार एकत्र करणाऱ्या मिक्सर नळातून गार पाणीच उलटं गरम लाइनीत चढत होतं. गरम लाइनीला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावल्यावर सांडणं थांबलं, पण गार सोडलं की गरम येईनासं झालं. सोलर असणाऱ्यांनी पंप घेण्याआधी हे दुकानात विचाराच. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

शेजारच्या काकूंनी विचारलं, नगरपालिकेच्या लाइनीलाच पंप लावला तर? नको. तशी परवानगी नसते, शिवाय लाइनीला कुठे भेग असेल तर बाहेरची घाणही ओढली जाते.

सध्या गरम पाणी लागत नाही, त्यामुळे घरात सगळे खूश. डिसेंबरात पंपाचं बटण बंद आणि पुन्हा बादली-तांब्या.