गुरू रामदास लंगर, अमृतसर: पोट भरतं, भांडण मिटतं का?

शिखांचे चौथे गुरू रामदास यांच्या नावाचा हा लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातली सगळ्यांना खुली, फुकट पंगत. जेवण साधं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. दाल, रोटी, एखादी भाजी, भात आणि बहुतेक वेळा खीर. दाल झकास असते. मोठ्या कढईत तासन्‌तास शिजलेल्या डाळीची चव घरच्या कुकरला येत नाही. भाजीचं मात्र काही खरं नाही, कधी छान, कधी नुसतीच गरम. कांदा-लसूण असतो, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. फक्त जिभेसाठी जायचं असेल तर अमृतसरात कुलच्याची दुकानं काही कमी नाहीत. हरमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्ण मंदिराच्या, आवारातला लंगर बघायचा तो दुसऱ्याच कारणासाठी. धर्म माणसांना जोडतो असं प्रवचनात कुणीही सांगतं. इथे ते रोज, २४ तास, ताट-वाटी हातात देऊन करून दाखवावं लागतं. एरवी दिवसाला ५० हजारांच्या आसपास माणसं जेवतात, सुट्टी आणि गुरुपर्वाला, म्हणजे शीख गुरूंच्या सणांना, आकडा लाखावर जातो.

आत जाण्याआधी चपला जोडाघरात देऊन टोकन घ्यायचं. डोकं झाकलेलं हवं. क्रिकेटची टोपी चालत नाही, रुमाल किंवा ओढणी लागते. नसेल तर दारातच कापड मिळतं. खिशात तंबाखू, गुटखा, सिगारेट असेल तर ती आवारात न्यायची नाही. पायऱ्यांपाशी पाण्याच्या उथळ चरातून पाय धुऊन पुढे जायचं. लंगरच्या दारात ताट, वाटी, चमचा हातात पडतो. नाव, गाव, जात, धर्म, पावती, काहीही विचारत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. आधीची पंगत उठली, फरशी पुसून झाली, की दार उघडतं आणि ज्या क्रमाने आलात त्याच क्रमाने तरटाच्या पट्टीवर मांडी घालून बसायचं. जागा राखायची सोय नाही. तुमच्या शेजारी कोण बसणार हे रांग ठरवते. रोटीला इथे ‘परशादा’ म्हणतात, आणि ती ताटात वाढत नाहीत. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करावी लागते, मग वरून हातात पडते. गाडीतून उतरलेला कारखानदार असो की स्टेशनवरचा हमाल, मागण्याची रीत एकच. मान्य असो वा नसो, शरीर ते करतं. नवखी मंडळी एक हात पुढे करतात, वाढणारा सेवादार (सेवेला आलेला माणूस) न बोलता थांबतो, दुसरा हात आपोआप वर येतो. समता पटवून देण्यात वेळ घालवण्यापेक्षा हे फारच कार्यक्षम आहे.

ही कल्पना इथली नाही, त्याहून जुनी. तिसरे गुरू अमरदास यांनी पंजाबातल्या गोइंदवालला आधी पंगत, मग गुरूंची भेट असा दंडकच घातला होता. आपल्याकडेही पंगती उठतच होत्या, पण कुणी कुठे बसायचं हे पान वाढायच्या आधीच ठरलेलं असायचं. हरमंदिर साहिबमध्ये जो ग्रंथ, गुरू ग्रंथ साहिब, वाचला जातो त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातलं एक, अंग (पान) ११६४ वरचं, अगदी रोखठोक आहे: हसतखेळत देवळात आलो, भजन करताना मला धरून उठवलं, कारण जात हीन. शेख फरीद, कबीर, रविदास हेही त्याच ग्रंथात. मुसलमान सूफी, विणकर, चर्मकार आणि शिंपी एका पोथीत, आणि त्या पोथीपुढे सगळ्यांचं डोकं टेकलेलं.

तरीही १२ ऑक्टोबर १९२० रोजी याच ठिकाणी पुजाऱ्यांनी दलित शिखांनी आणलेला कडाह प्रसाद (कणकेचा शिरा) नाकारला. वाद वाढला तेव्हा ग्रंथ उघडून हुकुमनामा, म्हणजे समोर येईल त्या पदाचा कौल, घेतला गेला, आणि जे पद निघालं ते गुणहीनांनाही क्षमा करून सेवेत घेणारं. प्रसाद स्वीकारावा लागला. पुढच्याच महिन्यात गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी राहिली. आज लंगर तीच चालवते. धर्माने भांडण मिटवल्याचं यापेक्षा नेमकं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. फक्त भांडण लावणारेही धर्माचेच लोक होते.

हेच यंत्र बिघडतंही. कॅनडातल्या सरे शहरात जमिनीवर बसायचं की टेबल-खुर्चीवर, यावरून गुरुद्वाऱ्यात हाणामारी झाली, आणि १९९८ मध्ये अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, लंगर जमिनीवरच, असा हुकूम काढला. समोरच्याला बरोबरीने बसवण्यासाठी केलेला नियम स्वतःच पवित्र झाला, की त्याच्यासाठी डोकी फुटतात. पंजाबातल्या कितीतरी गावांत जातवार गुरुद्वारे आहेत, स्मशानंही वेगळी. १९४७ मध्ये अमृतसरची जवळजवळ निम्मी वस्ती मुसलमान होती. फाळणीनंतर ती उरली नाही. जून १९८४ मध्ये लष्करी कारवाईत या आवारातच रणगाडे आले. आणि हरमंदिरच्या गाभ्यात आजही बायकांना कीर्तन करू दिलं जात नाही. तेव्हा पंगत जगात शांतता आणते असं कुणी म्हणालं, तर हसू येणं स्वाभाविक आहे. पंगत वीस मिनिटांपुरती, हजारो माणसांना, आपलं वेगळेपण बाजूला ठेवायला लावते. एवढंच तिचं काम, आणि तेवढं ती चोख करते. पुढचं काम दाराबाहेरच्या लोकांचं, तिथे लंगर चालवणाऱ्यांचेही हात तोकडे पडतात.

जेवण झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. खाली लसूण सोलणाऱ्यांच्या घोळक्यात बसा, कुणी ओळख विचारत नाही, लसणाचा ढीग पुढे सरकवतात. रोट्या लाटायलाही बसता येतं. नवख्यांच्या रोट्या कडेला जाड राहून कच्च्या लागतात, म्हणून जमत नसेल तर भाजलेल्यांना तूप लावायला घ्या. भांडी घासण्याच्या हौदांपाशी एकच ताट ओळीने चार-पाच जणांच्या हातांखालून जातं आणि तिथला खणखणाट असा की शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागतं. सगळं स्वयंसेवेवर चालतं हा मात्र गैरसमज; पगारी माणसं आहेत, आणि गर्दीत रोट्या यंत्रावरच निघतात. त्या जरा वातट.

ताटात टाकू नका, लागेल तेवढंच घ्या, पुन्हा वाढतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सेवादाराला आधी सांगावं. शनिवार-रविवारची दुपार टाळा, पहाटे किंवा रात्री उशिरा जागा ऐसपैस मिळते. मुख्य मंदिरातला कडाह प्रसाद वेगळा: कणीक, तूप, साखर समसमान वजनाची, त्यामुळे हात तुपाने माखतात, कमी हवा असेल तर घेतानाच सांगावं. मराठवाड्यातून जायचं तर नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस सरळ अमृतसरला पोहोचवते. वाटेतल्या काही स्थानकांवर गुरुद्वाऱ्यांचे सेवक डब्यापर्यंत लंगर आणून देतात, तेव्हा ताट-वाटी आपली घेऊन निघा.