कुंभारवाड्याची हंडी: अँग्लो-सॅक्सन ‘ब्रीव’ शिजवायला कितपत कामाची?

धारावीत नाइन्टी फीट रोडच्या कुंभारवाड्यात नुसतं ‘मडकं’ मागितलं, तर पाण्याचं मडकं पुढे येतं. ते चुलीसाठी घेऊ नका. पाणी गार राहावं म्हणून ते मुद्दाम पातळ आणि झिरपणारं घडवलेलं असतं, गॅसवर त्याचं बूड तडकतं. स्वयंपाकाची हंडी वेगळी मागायची: भिंत ६ ते ८ मिलिमीटर, बूड गोलसर, तोंड रुंद, आणि आतबाहेर रंग, पॉलिश, चकाकी काहीही नाही. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजली तर घ्यावी. बद्द आवाज आला, तर कुठेतरी बारीक तडा आहे.

हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे. ब्रीव म्हणजे अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमधल्या (साधारण पाचवं ते अकरावं शतक) साध्या घरातली धान्य-कडधान्याची दाट पेज. लोखंडी किंवा तांब्याची कढई सगळ्यांना परवडायची नाही, मातीचं भांडंच खरं रोजचं. तिथले कुंभार मातीत वाळू, शिंपल्यांचा चुरा किंवा भुसा मिसळत, त्यामुळे भांडं तापता-निवताना सहज फुटत नसे. शिवाय ते निखाऱ्यांत ठेवलं की आच चारी बाजूंनी लागे. आपल्या गॅसचा जाळ मात्र बुडाच्या मधोमध एकाच ठिकाणी लागतो. हंडीची खरी परीक्षा तिथेच होते. त्यावर साधा उपाय म्हणजे खाली जुना जाड लोखंडी तवा. पहिली १० मिनिटं अगदी मंद, मग मध्यम. त्यापुढे आच वाढवू नये.

वापरण्याआधी हंडी २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, मग तांदळाची पातळ पेज तासभर मंद आचेवर उकळा. पहिल्या खेपेला बाहेरून पाझर दिसेल. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसला की तो थांबतो. एकदा पेज उकळूनही हंडी गळत राहिली, तर पुन्हा एकदा उकळा. तरी थांबली नाही, तर भट्टीत कच्ची राहिलेली आहे, बदलून घ्या.

दोन लिटरच्या हंडीला प्रमाण: १०० ग्रॅम जव, ५० ग्रॅम सुके वाटाणे, सव्वा लिटर पाणी. पूजेच्या दुकानातले जव सालासकट असतात, घशात टोचतात. पाकिटातली पांढरी बार्ली घासून गुळगुळीत केलेली, ती लवकर गळून जाते. साल काढलेले पण पॉलिश न केलेले जव मिळाले तर उत्तम. दोन्ही धान्यं १२ तास भिजवा. वाटाणे कडक राहिले तर दोष हंडीचा नसतो. टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी हे नेहमीचं कारण, त्यातलं कॅल्शियम वाटाण्याची साल मऊ होऊ देत नाही. दुसरं कारण जुना माल.

उकळी यायला स्टीलच्या पातेल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, घाई असेल तर हे भांडं नकोच. उकळी आल्यावर सव्वा ते दीड तास. पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला. तापलेल्या हंडीत गार पाणी पडलं की ‘टक’ असा आवाज येतो, आणि तो शेवटचा असतो. जव फुटले की लीक (कांद्याच्या कुळातली जाड पात, नसेल तर कांद्याची पात), लसूण आणि मीठ. लसणाचं जुनं इंग्रजी नाव ‘गारलेअक’, म्हणजे भाल्यासारखा लीक, आजचा ‘गार्लिक’ त्यातूनच आला. शेवटी मूठभर शेपू आणि चमचाभर लोणी. शेपू आणि धणे अँग्लो-सॅक्सनांना माहीत होते. मिरची, टोमॅटो, बटाटा नाही, ती अमेरिका खंडातली पिकं, कोलंबसानंतर आली. काळी मिरी चालेल, पण चिमूटभर: ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून जायची आणि इतकी मोलाची, की ७३५ साली वारलेल्या बीड या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती साधूच्या मोजक्या ठेव्यात मिरीही होती.

गॅस १५ मिनिटं आधी बंद करा, हंडी आपल्या उष्णतेवर उरलेलं काम करते. यात ती कुकरला सरळ हरवते: जव अख्खे राहून मऊ होतात, वाटाणे विरघळून दाटपणा देतात आणि तवा खाली असेल तर बुडाशी लागत नाही. चव आपल्या जिभेला सपक वाटेल, आमटीची अपेक्षा ठेवू नये.

सोबत जवाची भाकरी करायचा मोह होतो, कारण जवात चिकटपणा कमी, म्हणून तिकडेही चपट्या भाकऱ्या तापल्या दगडावर भाजत. पण त्यासाठी कुंभारवाड्यातला मातीचा तवा घेऊ नये. गॅसवर त्यात भाकरी मधे करपते, कडा कच्च्या राहतात. लोखंडी तवाच बरा, आणि पीठ कढत पाण्यानेच मळायचं, नाहीतर कडा फाटतात.

धुताना साबण नको, छिद्रांत शिरून पुढच्या ब्रीवेत उतरतो. कोमट पाणी आणि काथ्या पुरे. पावसाळ्यात हंडी ओली असताना झाकण ठेवून फळीवर टाकली तर चार दिवसांत आतून बुरशी धरते, म्हणून उपडी करून पंख्याखाली वाळवा.