सातवी-आठवी उजळणी संच: सहा महिन्यांचा अनुभव आणि उत्तरसूचीचं भांडण

सातवीतून आठवीत जाणाऱ्या लेकीसाठी सुट्टीत उजळणी करायला संच घेतला, त्याच्या कव्हरवर ठळक अक्षरांत 'उत्तरांसह' छापलंय. आत उत्तरं नाहीत. शेवटच्या पानावर क्यूआर कोड आहे. तो स्कॅन केला की मोबाइल नंबर मागतो, ओटीपी येतो आणि मग उत्तरसूचीसाठी ५९९ रुपये भरा म्हणतो. संच ३८० रुपयांचा आणि उत्तरं ५९९ ची! आज नोव्हेंबर उजाडला तरी हे आठवलं की डोकं तापतं, म्हणून आधी तेच लिहिलं.

संच सुट्या ४५ पानांचा. एका पानावर वेगवेगळ्या धड्यांतली चार गणितं, सहा स्पेलिंग आणि इंग्रजीत करायची तीन वाक्यं. दादरला एप्रिलच्या शेवटी घेतला. उन्हाळी शिबिरांचे दर ऐकून आले होते, त्यापुढे ३८० रुपये काहीच वाटले नाहीत.

घेण्याचं कारण सांगते. लेकीची महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच, मराठी माध्यमाची. जूनपासून हायस्कूल, तेही सेमी इंग्रजी. ही मुलं २०२०-२१ ला तिसरीत होती. ते अख्खं वर्ष माझ्या एका मोबाइलवर गेलं आणि भागाकार तेव्हापासून कच्चा आहे. शिवाय आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. दीड महिन्याच्या सुट्टीत होतं तेही विसरून ती नव्या शाळेत जाऊन बसली असती, तर मला स्वतःला माफ करता आलं नसतं.

५ मेला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात संच मला अजिबात आवडला नाही. एकाच पानावर अपूर्णांक, कोन, सरळव्याज, घातांक! एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी बहिणीला फोनवर म्हटलंही. धडा धरून सलग वीस गणितं हवीत, आपण तसेच शिकलो, असं माझं ठाम मत होतं.

ते मत आता बदललंय. सलग वीस गणितं एकाच जातीची असली की दुसऱ्या गणितापासून मूल हात चालवतं, डोकं नाही. इथे प्रत्येक गणिताला हे कुठलं, इथे काय करायचं, हे आधी ओळखावं लागतं. समप्रमाण की व्यस्तप्रमाण, यावर ती पंधरा दिवस अडखळली आणि मग अडखळायची थांबली. पाच कामगारांना आठ दिवस तर दहा कामगारांना किती, याला ती 'सोळा' म्हणायची. मेअखेरीस ती आधी स्वतःलाच विचारायला लागली, "माणसं वाढली तर दिवस वाढतील का?" पानांची ही सरमिसळ ज्याने केली त्याला मुलं कळतात, हे मान्य करते.

आता पुन्हा उत्तरांकडे. ८ मेला देवगडला माहेरी गेलो. घरात रेंज नाही, क्यूआर कोड काय चाटायचा? निघण्याआधी कंपनीला फोन केला होता. "मॅडम, उत्तरं दिलीच आहेत, अ‍ॅपमध्ये." मी म्हटलं, कव्हरवर अ‍ॅपचं नाव नाही, पैशांचं तर नाहीच. "मॅडम, ती पॉलिसी आहे." पैसे परत मिळणार नव्हते, कारण पाकीट फोडलं होतं. पाकीट न फोडता आत उत्तरं नाहीत हे कळणार कसं?

गावी बाबांना हे सांगितलं. ते गावच्या सोसायटीत हिशेब लिहायचे. नातीकडे बघून म्हणाले, "उत्तर कित्याक व्हया? ताळो करून बघ."

आणि ताळा सुरू झाला. भागाकार केलास? भाजकाला भागाकाराने गुण, बाकी मिळव, भाज्य यायला हवा. समीकरण सोडवलंस? आलेली किंमत परत घालून दोन्ही बाजू बघ. सगळ्यात उपयोग झाला तो वर्गविस्तारात. अ अधिक ब याचा वर्ग ती 'अ वर्ग अधिक ब वर्ग' लिहायची. बाबांनी अ ला २ आणि ब ला ३ धरायला लावलं. पाचाचा वर्ग २५, आणि हिचे ४ अधिक ९ म्हणजे १३. "बारा खय गेले?" ते बारा म्हणजे मधले २अब. त्यानंतर ते पद ती एकदाही विसरली नाही. आठवीची विस्तारसूत्रं आणि अवयव यावरच उभे आहेत, म्हणून हे विशेष लिहिलं. यंदा पाऊस मेमध्येच आला, दोन दिवस वीज नव्हती, तेव्हाही पडवीत पान आणि ताळा चालू होता.

पण इंग्रजी वाक्यांचा ताळा होत नाही. स्पेलिंग पुस्तकातून तपासता येतात. तीन वाक्यं मात्र बरोबर आहेत की चूक, हे ना मला खात्रीने सांगता येत होतं, ना घरात कुणाला. विसाव्या पानानंतर आम्ही इंग्रजीचा भागच सोडून दिला. ज्या घरात इंग्रजी तपासणारं माणूस आहे, त्याला उत्तरसूचीची गरज कमी. आम्हाला ती सगळ्यात जास्त होती आणि तीच कुलूपबंद.

१६ जूनला शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात वर्गात मागच्या इयत्तेची चाचणी घेतली. गणितात २० पैकी १७, इंग्रजीत ८. हॅरिस कूपर या अमेरिकन संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला होता. लांब सुट्टीत मुलं सरासरी महिनाभर मागे पडतात आणि जास्त झीज आकडेमोडीत व स्पेलिंगमध्ये होते, असं त्यात निघालं. आमच्याकडे आकडेमोड वाचली, कारण रोज हात फिरला. इंग्रजी गेलं, कारण आम्ही ते सोडलं.

आठ मार्क बघून मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तीन आठवड्यांनी, जुलैत, कंपनीने मुकाट्याने उत्तरांची पीडीएफ पाठवली. लेक घेऊन बसली आणि पान ३१ वर थांबली. तीन-चतुर्थांश भागिले दोन-तृतीयांश, उत्तर छापलंय १/२. तिचं आलं होतं ९/८. ती म्हणाली, "आई, ९/८ ला २/३ ने गुणलं की ३/४ येतात. १/२ ला गुणलं की १/३." छापणाऱ्याने भागायच्या जागी गुणलं होतं. अशा चार चुका तिने काढल्या. ५९९ भरले असते तर ती बरोबर असून स्वतःचं उत्तर खोडून बसली असती.

सेमीवाल्यांसाठी एक उणीव: संचात गणिताचे इंग्रजी शब्द नाहीत. छेदाला डिनॉमिनेटर म्हणतात हे तिला वर्गात कळलं, तोवर दोन तास वाया गेले होते. आम्ही आता पानांच्या पाठीमागे जोड्या लिहिल्यात: लसावि–एलसीएम, सरळव्याज–सिंपल इंटरेस्ट, परिमेय–रॅशनल.

घ्यायचा असेल तर गणितासाठी घ्या आणि दुकानातच पाकीट उघडून दाखवायला सांगा. पानांवर लिहू नका, वहीत सोडवा. पाठीमागच्या त्या जोड्या सोडल्या तर आमचा संच कोरा आहे. पीडीएफमधल्या चार चुका लाल पेनाने दुरुस्त करून ती पानांसोबत ठेवलीय. पुढच्या मेमध्ये तो भाचीकडे भांडुपला जाईल, आणि इंग्रजीची वाक्यं तपासायला आता आमची लेक तिच्याजवळ बसणार आहे.