‘वाटायचं’ ब्लँकेट : साडेतीन रात्रींचा अनुभव

नाशिकच्या मेन रोडवर ब्लँकेट मागितलं की दुकानातला पोरगा आधी विचारतो, “काका, घरी वापरायला की वाटायला?” मी दोन वर्षं “वाटायला” म्हणत आलो. मग तो काचेच्या कपाटाकडे न वळता पोटमाळ्यावर चढतो आणि वरून करडा गठ्ठा धपकन खाली टाकतो. नग १६० रुपये. २५ घेतले की पिशव्या फुकट.

नाताळच्या आठवड्यात आम्ही चर्चच्या मंडळीतले पाच-सहा जण रात्री गोदाघाटावर जाऊन ही वाटतो. यंदा रामकुंडाजवळ एक आजी म्हणाल्या, “दे, पण अंथरायला घेते हां. पांघरलं की अंग खाजतं. मागच्या साली तूच दिलेलं ना?” आमच्यामागे बॅनर, समोर मोबाईल. फोटो छान आला.

एक नग उरला होता. तो जेल रोडला घरी आणला आणि चार रात्री गच्चीवर त्यातच झोपायचं ठरवलं. निफाडचा पारा रोज पेपरात छापून येत होता, ते दिवस.

लेबलवर वजन २ किलो. आमच्या वाण्याच्या काट्यावर १ किलो ३०० ग्रॅम भरलं. माझी उंची पाच फूट सात. डोकं झाकलं की पाय उघडे. पहिल्या रात्री रॉकेलसारखा वास, दुसऱ्या रात्री नाकातोंडात तूस. मी नोट प्रेसमधून रिटायर झालोय, कागद न् कापड बोटांना कळतं. पण दोन वर्षांत यातलं एकही मी उलगडून चाचपलं नव्हतं. असला माल बहुतेक पानिपतचा. जुने लोकरी कपडे रंगाप्रमाणे वेगळे करायचे, फाडून पिंजायचे आणि पुन्हा सूत काढायचं. त्यात धागा तुटून तोकडा होतो, म्हणून तूस सुटतं आणि टोचतं. धंदा म्हणून त्यात वाईट काहीच नाही, चिंध्या वाया तरी जात नाहीत. पण दवात ते ओलं झालं ते दुपारपर्यंत वाळेना, आणि धुतलं तर बादलीतलं पाणी काळं. घाटावरच्या माणसानं ते वाळत घालायचं कुठे?

तिसऱ्या रात्री दोन वाजता हिनं वर येऊन गोधडी टाकली. “झालं का पुण्य?” म्हणाली. चौथ्या रात्री मी गोधडी आधीच वर नेली, हे कबूल करतो. म्हणून ती रात्र अर्धीच धरली, एकूण साडेतीन.

जागाच होतो, तर बायबलमधला मलाखी संदेष्टा आठवला. लोक देवाला अर्पण म्हणून आंधळी, लंगडी जनावरं आणायचे. देव म्हणतो, हेच तुझ्या सुभेदाराला नेऊन दे बघू, तो खूश होईल का? सुभेदार राहू दे, मी हे ब्लँकेट व्याह्यांनासुद्धा दिलं नसतं.

आणि रविवारच्या शाळेत चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मुलांना मीच शिकवतो! वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या परक्या माणसाच्या जखमांवर त्यानं तेल आणि द्राक्षारस ओतला, तो त्याच्या शिदोरीतलाच असणार. ‘वाटायला’ म्हणून वेगळा हलका माल घेऊन कोण प्रवासाला निघतं? (द्राक्षाची किंमत नाशिककराला सांगायला नको.) वर त्याला सांभाळायला उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असा शब्दही.

पुन्हा दुकानात गेलो आणि “घरी वापरायला” म्हणालो. पोरानं फ्लीसचं ब्लँकेट काउंटरवर उलगडलं, शिवण ओढून दाखवली, “धुऊन बघा काका, रंग गेला तर परत आणा” म्हणाला. गठ्ठेवाल्या गिऱ्हाइकाला हे कधीच ऐकायला मिळत नाही. ४०० रुपये. मऊ, हलकं, पायाखाली दुमडता येईल इतकं लांब, सकाळी धुतलं की दुपारी कोरडं. पूर्ण किमतीला घेण्यासारखं आहे. करडं मात्र स्कूटर झाकायला ठीक.

करड्या पंचवीसांच्या ४,००० रुपयांत ही १० आली. बॅनर नेला नाही, तर तरुण संघातली दोन पोरं आलीच नाहीत. आजी त्या रात्री जागेवर नव्हत्या. त्यांचं ब्लँकेट डिकीत ठेवलंय, गुरुवारी पुन्हा चक्कर मारणार आहे.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंनी विचारलं, “आणि उरलेले पंधरा जण?” मला काही बोलता आलं नाही. पेन्शन झाली की आणखी चार घेईन म्हणतोय.