ब्राइस की आर्चेस? उलटा गड आणि नेढ्यांचं रान

अमेरिकेतल्या युटा राज्यामधली पाचही राष्ट्रीय उद्यानं एका सुट्टीत ‘करून टाकायचा’ बेत आमच्या ओळखीतलं प्रत्येक कुटुंब एकदा तरी आखतं. मुलं लहान असली की तो बेत तिसऱ्या दिवशी गाडीतच कोलमडतो. मग फोन येतो: एकच करायचं तर ब्राइस की आर्चेस? आम्ही सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. इथून दोन्ही साधारण चार तासांवर, त्यामुळे माझ्या उत्तरात अंतराचा पक्षपात नाही. पक्षपात वेगळाच आहे, तो पुढे कळेलच.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांच्या मुक्कामाला साताऱ्याहून आलेले आई-बाबा. ब्राइसला जूनमध्ये गेलो, आर्चेसला ऑक्टोबरमध्ये. हे लक्षात ठेवूनच वाचा. जूनच्या उन्हात आर्चेस केलं असतं तर कदाचित मी आज दुसऱ्या बाजूने बोलत असतो.

पहिल्या नजरेत ब्राइस जिंकतं, यात वाद नाही. पाइनच्या झाडांतून चालत दहा पावलं जाता आणि जमीन संपते. खाली नारिंगी, गुलाबी, पांढरट सुळक्यांची जत्रा. इंग्रजीत त्यांना हुडू म्हणतात. एका जुन्या सरोवराच्या तळाशी साचलेला हा चुनखडक. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि वर्षातले दीडशेहून जास्त दिवस हा खेळ चालतो, म्हणून खडकाचे असे सुळके सुटे होत जातात. इथल्या मूळच्या पायूट लोकांची गोष्ट मला जास्त आवडते: इथे राहणाऱ्या माणसांनी उच्छाद मांडला, म्हणून कोयोटीने, म्हणजे त्यांच्या गोष्टींतल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याने, सगळ्यांना दगड करून टाकलं. बाबांनी ती ऐकली, बराच वेळ खाली बघितलं आणि म्हणाले, “एवढ्या अहल्या? रामाला इथेच मुक्काम करावा लागला असता.”

शिवाय सोयी. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कड्यावरची अर्ध्या मैलाची वाट डांबरी आहे, बसायला बाक आहेत. उन्हाळ्यात फुकट शटल बस फिरते. आईचा गुडघा कुरकुरतो, तरी ती त्या वाटेवर दोन फेऱ्या मारून आली. घरात वयस्कर माणसं असतील आणि खाली उतरायचंच नसेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. ब्राइसला जा.

पण आम्हाला उतरायचं होतं. आणि इथेच माझं गाडं अडलं.

आपल्याला डोंगराची सवय गडाची. पायथ्याशी गाडी लावायची, दम असतो तोवर चढायचं, माथ्यावर भाकरी-पिठलं खायचं आणि पाय दुखायला लागले की उतरायचं. सिंहगडावर पोर अर्ध्या वाटेत बसलंच, तर मागे फिरायचं. खाली तर जायचं असतं. ब्राइसला हे सगळं उफराटं. गाडी माथ्यावर, जेवण पायथ्याला, आणि चढ परतीला. बाबा कठड्याशी उभे राहून म्हणाले होते, “गाडी माथ्यावर लावून पायथ्याला उतरायचं, हा कुठला रे गड?” मी हसण्यावारी नेलं.

क्वीन्स गार्डनच्या वाटेने उतरून नवाहो लूपने वर यायचं, ही जोडवाट जेमतेम तीन मैलांची. आकड्यावर जाऊ नका. उतरताना मुलगा पळत होता. दगडी बोगदे लागले की त्यात आरोळ्या ठोकत होता, प्रत्येक सुळक्याला नाव देत होता. खाली झाडाच्या सावलीत थालीपीठ खाल्लं, पाणी प्यायलं आणि त्याने जाहीर केलं, “मी दमलो. गाडी कुठाय?” मी वर बोट दाखवलं. त्याने वर बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला फसवून आणलंय. एका अर्थी आणलंच होतं.

पुढची चढण नागमोडी वळणांची. उंच लाल भिंतींच्या चिंचोळ्या घळीतून वाट वर जाते, भर घळीत सूर्याकडे झेपावलेली फरची झाडं आहेत. फोटो काढायला याहून सुंदर जागा नाही. मी एकही काढला नाही, कारण खांद्यावर 18 किलोंचं पोर होतं. कडा समुद्रसपाटीपासून सुमारे 8,000 फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. तळ त्याहून फार खाली नाही. एरवी मी रोज पळणारा माणूस, तरी दर वळणाला थांबत होतो. लेकीने तोंडातून ‘दमले’ हा शब्द काढला नाही, पण शेवटच्या दोन वळणांत ती माझ्याशी बोलतही नव्हती.

हे चढण अवघड आहे असं मी म्हणत नाही. कितीतरी लोक लीलया चढत होते, त्यात एक आजी माझ्या पुढे गेल्या. मला खुपलं ते एवढंच, की पोर कधी दमेल हे आधी कळत नाही, आणि ब्राइसमध्ये ते कळतं तेव्हा तुम्ही तळाशी असता.

आर्चेसमध्ये चार महिन्यांनी गेलो ते हीच धास्ती घेऊन. पहिली छाप ब्राइसइतकी जबरदस्त नाही, कबूल. शेजारच्या मोआब गावाहून आत शिरलं की रस्ता घाट चढतो, भिंती दिसतात, बॅलन्स्ड रॉक दिसतो, आणि मनात येतं, ठीक आहे. मग हळूहळू कमानी दिसू लागतात. खरं तर कमान हा शब्द मला पटत नाही. ही नेढी आहेत, कातळात आरपार पडलेली भोकं. राजगडाला एक, रतनगडाला एक, आणि आपल्याला त्याचं केवढं कौतुक! इथे 2,000 हून अधिक मोजलीत. भोक एका दिशेने किमान 3 फूट असलं की ते यादीत, हे कळल्यावर मुलांना दिवसभराचा उद्योग मिळाला. जमिनीखाली मिठाचा जाड थर, तो सरकला तसे वरच्या वालुकाश्माला तडे गेले, तड्यांतून उभ्या पातळ भिंती उरल्या आणि भिंतींना पुढे नेढी पडली.

ब्राइस म्हणजे अख्खी नोट, आर्चेस म्हणजे सुटे पैसे. इथल्या वाटा छोट्या. सँड ड्यून आर्च दोन भिंतींच्या फटीत आहे. आत सावली आणि पायाखाली मऊ वाळू. मुलं तिथून तासभर हलली नाहीत. डबल आर्च गाडीपासून जेमतेम अर्धा-पाऊण मैल, तेही जाऊन-येऊन. नॉर्थ विंडोपर्यंत आई गुडघा सांभाळत पायऱ्या चढून गेली आणि रतनगडाच्या नेढ्यात बसावं तशी वारा खात बसली. लँडस्केप आर्च तर 300 फुटांच्या आसपास रुंद आणि मधे इतकी सडपातळ की श्वास रोखला जातो. 1991 मध्ये तिचा मोठा तुकडा पडला, तेव्हापासून खालची वाट बंद आहे. कुठेही कोणी दमलं, की परत गाडीत.

आता डेलिकेट आर्च. जाऊन-येऊन तीन मैल, सुमारे 500 फूट चढ, बराचसा उघड्या कातळावर. लांबी ब्राइसच्या जोडवाटेइतकीच, पण चढ जाताना! बायको आईला गाडीने मैलभर पुढे खालच्या पॉइंटवर घेऊन गेली, तिथून कमान लांबून दिसते. आम्ही चौघं सकाळी लवकर निघालो. शेवटचे दोनेकशे यार्ड वाट कड्याच्या पोटातून जाते, एका बाजूला उतरण. तिथे मुलाचा हात घट्ट धरा. पोर हात सोडवून पळणारं असेल, तर हा ट्रेक दोन वर्षं पुढे ढकला. वळण संपतं आणि समोर कातळाची परात, तिच्या काठावर एकटी उभी ती. मुलगा ओरडला, “आपल्या गाडीवरची कमान!” युटाच्या नंबरप्लेटवर तिचं चित्र असतं, ते तो रोज बघत होता. परतीला तो ठरल्याप्रमाणे दमला, पण कातळावरून बुडावर घसरत, हसत उतरला.

आर्चेसच्या तक्रारीही सांगतो. सावली जवळजवळ नाहीच. उद्यानात जेवायला काही मिळत नाही आणि पाणी भरायचं ते व्हिजिटर सेंटरला किंवा थेट रस्त्याच्या टोकाच्या डेव्हिल्स गार्डनला. जून ते ऑगस्टमध्ये लहान मुलांना घेऊन डेलिकेट आर्चला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. माणशी दोन लिटर पाणी आणि लिंबू-मीठ-साखर आम्ही ऑक्टोबरमध्येही नेली होती आणि संपवली. गाड्या लावायच्या जागा लवकर भरतात. 2022 पासून काही हंगामांत वेळ ठरवून आरक्षण लागत असे; नियम बदलत राहतो, निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत पानावर बघा. आणि वाटेबाहेरची ती काळपट, खडबडीत माती जिवंत असते, तिच्यावर पाय पडू देऊ नका.

तर उन्हाळ्याचीच सुट्टी असेल, किंवा मुलं दहाच्या पुढची आणि कुरकुर न करणारी असतील, तर ब्राइस निवडायला माझी ना नाही. मुलांना वर खेळवून फक्त क्वीन्स गार्डनच्या वाटेने थोडं उतरून परत फिरायचं, हाही मार्ग आहे. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. बाकी कोणी एप्रिल किंवा ऑक्टोबर म्हणालं की मी मोआबमधल्या खोल्या बघायला सांगतो. आमची पुढची सहलही तिथलीच ठरली आहे. आई मात्र फोनवर विचारते, ब्राइसच्या त्या कड्यावर बर्फ पडल्यावर कसं दिसत असेल रे? त्यामुळे डिसेंबरचं अजून नक्की नाही.