लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप: नागपुरातील एका उन्हाळ्यानंतरचा अभिप्राय

मी घरी बसून अक्षरजुळणीची कामे करतो: दिवाळी अंक, स्मरणिका आणि अधूनमधून एखादे चारशे पानांचे पुस्तक. सहा वर्षे ही सगळी कामे मी एका पंधरा इंची लॅपटॉपवर केली. मागच्या वर्षी मे महिन्यात त्याचा टचपॅड एका बाजूने किंचित वर आलेला दिसला. एखादा स्क्रू सैल झाला असावा असे मला वाटले, पण दुरुस्ती करणाऱ्याने मागचे झाकण उघडले तेव्हा आतली बॅटरी उशीसारखी फुगलेली होती. लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडलेला, बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि खोलीचे तापमान चाळिशीच्या आसपास. लिथियम-आयन बॅटरीला हे किती घातक असते, याची जाणीव मला त्या दिवशी झाली.

म्हणून मी सीताबर्डीतील एका दुकानातून डेस्कटॉप असेंबल करून घेतला. रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क), २४ इंची मॉनिटर आणि वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर संगणक चालवणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस, असा संच त्या वेळी सुमारे ४५ हजारांत बसला. या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असल्याने वेगळे कार्ड लागले नाही. मात्र त्यासाठी रॅमचाच वाटा वापरला जातो आणि दोन पट्ट्या एकाच वेळी काम करत असल्याने रॅम जास्त वेगाने चालते, तेव्हा १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन घ्या, हा दुकानदाराचा सल्ला मी मानला आणि तो योग्यच होता.

आता उन्हाळ्याविषयी, कारण नागपुरात निर्णय खरे तर तिथेच होतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पुष्कळ कंपन्या आपल्या संगणकांसाठी सभोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सांगतात. डेस्कटॉपही त्यातून सुटत नाही, पण त्याच्या कॅबिनेटमध्ये मोठा हिटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), मोठे पंखे आणि हवा खेळायला जागा असते, तर लॅपटॉपमध्ये तेच काम बोटभर जाडीच्या जागेत उरकावे लागते. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. माझ्या लॅपटॉपवर दुपारी दोननंतर पुस्तकाची पीडीएफ काढायला सकाळच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागत असे. या उन्हाळ्यात डेस्कटॉपवर तसे एकदाही झाले नाही.

एक चूक मात्र मी केली. गारवा मिळावा म्हणून कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवले, आणि तीन आठवड्यांनी बाजूचे दोन स्क्रू काढून आत पाहिले तर प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्यांवर राखाडी, चिकट थर बसला होता. कोरडी धूळ ब्लोअरने उडून जाते. ओलसर हवेने चिकटलेली ही धूळ मला ब्रशने खरवडावी लागली. तेव्हापासून कॅबिनेट कूलरच्या आड, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले आहे.

यूपीएसचा खर्च टाळू नये. मृगाच्या आधीच्या वादळात वीज गेली की मला दहा-बारा मिनिटे मिळतात, तेवढ्यात फाइल सेव्ह करून संगणक नीट बंद करता येतो. लॅपटॉपच्या मानाने विजेचे बिल थोडे वाढते, हेही खरे.

माझी पुतणी महाविद्यालयात शिकते आणि वसतिगृहात राहते. तिला मी डेस्कटॉप घ्यायला सांगणार नाही. तिने लॅपटॉप घ्यावा, पण रॅमची जागा मोकळी असलेला, कारण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग देऊन जोडलेली असते आणि पुढे ती वाढवता येत नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये मी नवी बॅटरी बसवून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे, आणि लेखकांना पाने दाखवायला जाताना तोच सोबत नेतो.