समुद्राच्या पाण्याचा पीएच: इलेक्ट्रोड घ्यायचा की डाय?

पहिल्या क्रूझची, म्हणजे जहाजावरून समुद्राचं पाणी तपासायच्या मोहिमेची, तयारी करताना हा प्रश्न येतोच, कारण पैसे बहुतेक वेळा एकाच गोष्टीपुरते असतात. मी आधी काचेचा इलेक्ट्रोड वापरला (पाण्यात बुडवला की व्होल्टेजवरून पीएच सांगतो) आणि नंतर मेटा-क्रेसॉल पर्पल डाय, म्हणजे पीएचप्रमाणे रंग बदलणारं रंगद्रव्य, टाकून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (किती प्रकाश शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायला लागलो, तर जे अनुभवलं ते सांगतो.

इलेक्ट्रोड वाईट नाहीये हां. स्वस्त आहे, टेबलाच्या कोपऱ्यात मावतो, नवीन पोरालाही एका दिवसात जमतो. अरबी समुद्रात वरच्या पाण्याचा पीएच ८ च्या थोडा वर असतो आणि दीडदोनशे मीटरखाली ऑक्सिजन संपत आला की कार्बन डायऑक्साइड साठून तो चांगलाच उतरतो, एवढा मोठा फरक इलेक्ट्रोडला आरामात दिसतो.

माझं बिनसलं ते ड्रिफ्टवरून, म्हणजे पाणी तेच असताना आकडा सरकत राहण्यावरून. मुंबईहून निघून दुसरी रात्र, दोन वाजताचं स्टेशन (पाणी घ्यायला जहाज थांबतं ती जागा), एकाच निस्किनमधून (खोलवरचं पाणी भरून आणणाऱ्या नळकांड्यातून) दोन बाटल्या भरल्या, एक सुरुवातीला मोजली आणि दुसरी सगळे सॅम्पल संपल्यावर. पाणी तेच, पण दुसऱ्या दशांशात फरक! मध्ये तर आकडा थांबला म्हणून पेन उचलावं आणि तो परत सरकावा, असं पहाटेपर्यंत चाललं. कारण तसं माहितीतलं आहे, कॅलिब्रेशनला, म्हणजे इलेक्ट्रोड जुळवून घ्यायला, वापरतात त्या नेहमीच्या ७ आणि १० पीएचच्या बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) मीठ अगदी कमी आणि समुद्रात किलोला ३५ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या जंक्शनवरचं (आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याला भिडतं तिथलं) व्होल्टेज बदलतं. कृत्रिम समुद्रजलात बनवलेला ट्रिस बफर वापरला की बरंच सुधारतं, पण ड्रिफ्ट राहतोच. आणि समुद्राचा पीएच वर्षाला साधारण ०.००२ ने घटतोय, म्हणजे ०.०१ इकडेतिकडे झालं की पाच वर्षांचा बदल त्यातच बुडाला.

डायचं काम वेगळंच. १० सेंटीमीटरच्या सेलमध्ये (ज्यातून प्रकाश सोडतात त्या काचेच्या भांड्यात) पाणी, वॉटर बाथला २५ अंश, मग थेंबभर डाय, की वरच्या पाण्याला जांभळा रंग येतो आणि खोलच्या पाण्याचा पिवळटाकडे झुकतो. ४३४ आणि ५७८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या शोषणाचं गुणोत्तर घ्यायचं, त्यावरून पीएच निघतो, रोज उठून कॅलिब्रेशन नाही. कटकट आहे, नाही असं नाही. जहाज हललं की एखादा बुडबुडा बरोबर प्रकाशाच्या वाटेत येऊन बसतो, सेल तिरका करून तो कडेला न्यायचा, काच पुसायची, परत लावायचा. डाय स्वतःच पीएच किंचित हलवतो त्याचं करेक्शनही करावं लागतं. पण तीच दोन बाटल्यांची परीक्षा पुढच्या क्रूझला घेतली तर आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले, त्या रात्री मी खरंच निवांत झोपलो.

तुमचं काम ठाण्याच्या खाडीत किंवा माहीमला असेल तर मात्र मी आग्रह धरणार नाही. गढूळ पाण्यात प्रकाशच नीट जात नाही आणि डायची नेहमीची सूत्रं २० ते ४० क्षारतेसाठी (किलोला इतके ग्रॅम मीठ) आहेत, पावसाळ्यात खाडी त्याच्या खाली जाते. तिथे इलेक्ट्रोडच बरा.

खोल समुद्रात जाणार असाल आणि पैसे जमत असतील तर माझ्या मते डाय. फक्त शुद्ध केलेलाच मागवा, साध्या डायमधली अशुद्धी ४३४ लाच शोषते. आणि सेल दोन घ्या, डेकवरून आलेल्या ओल्या हातातून एक निसटतोच.